लेंड्या मोजणाऱ्यांची बाजू

‘इथं पोरं कुपोषणानं जातात, आणि तुमचे डॉक्टर बकरीच्या लेंड्या मोजत बसलेत!’

मेळघाटातल्या सेमाडोहला रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा पिताना हे वाक्य कानावर पडलं. बोलणारे गृहस्थ सरकारी सेवेतून निवृत्त झालेले, जंगल पाहायला आलेले, एकूण सज्जन. माझ्यासोबत अकोल्याचे एक पशुवैद्यक मित्र होते. त्यांच्या पायाशी बर्फाचा डबा, आणि डब्यात नंबर घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. पिशव्यांत काय आहे ते गृहस्थांनी विचारलं, मित्रांनी खरं ते सांगितलं, आणि टेबलाभोवती हशा पिकला. मित्रही हसले, चहा संपवून उठले. शास्त्रज्ञांना भांडायची सवय नसते. मला आहे.

गृहस्थ त्या दिवशी आणखीही बरंच बोलले. जंताची औषधं दुकानात ढिगानं पडली आहेत, ती वाटायची सोडून संशोधन कसलं? जनावराचा किडा जनावराच्या पोटात, माणसाला त्याचं काय? आणि औषध लागू पडत नसेल तर या अडाणी लोकांनी ते नीट पाजलं नसेल. ही मतं त्यांची एकट्याची असती तर मी लेख लिहिला नसता. परतवाड्याच्या कट्ट्यावर, अमरावतीच्या सभागृहात, निधी वाटणाऱ्या बैठकांत, सगळीकडे हीच मतं जरा सभ्य भाषेत भेटतात.

कुपोषणाचं पहिलं वाक्य वजनदार आहे, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. नव्वदच्या दशकापासून मेळघाट हे नाव घेतलं की बाकी महाराष्ट्राला मेलेली बाळं आठवतात, आणि आठवावीतच. पण त्या बाळांचा कैवार घेणाऱ्यानं इथल्या कोरकू आदिवासीच्या घराचा जमाखर्चही एकदा पाहावा. रात्री-बेरात्री बाळंतिणीला धारणीला नाहीतर परतवाड्याला न्यायचं झालं, की गाडीभाड्यासाठी विकली जाते ती बकरी. आजारपण, लग्न, बियाणं, सगळ्याला तीच. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे माणसांचे डॉक्टर म्हणून गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे काय मागितलं? आमच्या ढोरांवरही इलाज करा, आमची शेती सुधारा. पोराचं पोट आणि ढोराचं पोट वेगळं नाही हे त्या गावाला पाठ होतं, आणि पद्मश्री मिळालेल्या त्या डॉक्टरांनी ते मुकाट्यानं ऐकलं. गृहस्थ मात्र पोर आणि बकरी एकमेकांसमोर उभी करून मोकळे झाले.

आता त्या लेंड्यांकडे वळू.

शेळीच्या चौथ्या पोटात हिमोंकस नावाचा जंत राहतो. जेमतेम इंचभर, लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखा. तो रक्त पितो. त्याची एक मादी दिवसाला पाच हजारांच्या घरात अंडी घालते. ती लेंडीतून गवतावर पडतात, पावसाच्या ओलीत त्यांतून अळ्या निघतात, गवताच्या पात्यावर चढतात आणि पुन्हा कुठल्यातरी शेळीच्या पोटात जातात. श्रावण-भादव्यात मेळघाटची कुरणं या अळ्यांनी भरलेली असतात. शेळीची पापणी पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची थैली लोंबते, आणि एक दिवस ती सकाळी उठतच नाही.

यावर औषध आहे, हे गृहस्थांचं म्हणणं बरोबर. किंबहुना औषधं फार आहेत, आणि त्यांचा इतिहास मोठा बोलका आहे. थायाबेंडाझोल 1961 मध्ये आलं. 1964 मध्ये त्याला दाद न देणारे जंत नोंदवले गेले. आयव्हरमेक्टिन 1981 मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं. दशक संपायच्या आत दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांचे जंत त्याला पुरून उरले. मोनेपँटेल तर 2009 चं, अगदी नवं कोरं. 2013 मध्ये न्यूझीलंडच्या एका शेळी फार्मवर ते निकामी ठरल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्या देशात मेंढ्यांमधल्या या बंडखोर जंतांची नोंद 1976 सालीच झालेली आहे. ‘औषध वाटा, संशोधन कशाला’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. कोणतं औषध वाटू? ते अजून औषध उरलंय, हे तुम्हांला कोणी सांगितलं?

सेमाडोहच्या एका गवळ्यानं मला सांगितलं ते असं: ‘पयले हे पांढरं औषध पाजलं का पंधरा दिसात बकरी चकाकत जाये. आता पाणी पाजल्यावानी हाये, भाऊ.’ हा पुरावा नव्हे, मला ठाऊक आहे. औषध जुनं असेल, उन्हात ठेवलेलं असेल, शेळीला वेगळाच आजार असेल. पुरावा करायचा तर एकच रस्ता आहे. औषध पाजायच्या आधी लेंड्या घ्यायच्या, मिठाच्या दाट पाण्यात घोळायच्या म्हणजे अंडी वर तरंगतात, रेघा आखलेल्या काचेच्या कप्प्यात ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. मग दहा-चौदा दिवसांनी त्याच शेळीच्या लेंड्या पुन्हा मोजायच्या. अंडी पंचाण्णव टक्क्यांनी तरी घटायला हवीत. घटली नाहीत, तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, त्या कळपापुरतं ते औषध संपत आलं असं समजायचं. मीठ, काच, एक सूक्ष्मदर्शक आणि दोन फेऱ्या. ज्यावर हॉटेलात हशा पिकला ते संशोधन एवढंच होतं.

दोन फेऱ्या हा शब्द मी मुद्दाम वापरला. पहिली फेरी सगळ्यांना आवडते. तिचा फोटो निघतो, फलक लागतो, इतकी जनावरं, इतक्या मात्रा, असा आकडा वर जातो. दुसऱ्या फेरीला ना फलक असतो ना फोटो. औषध दिल्याची नोंद होते, औषध लागू पडल्याची होत नाही. आणि जो माणूस दुसऱ्यांदा येऊन मोजतो, त्यालाच आपण रिकामटेकडा ठरवतो.

‘अडाणी लोकांनी नीट पाजलं नसेल’ हा आरोप मला सगळ्यांत जास्त लागला. त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

जंत औषधाला निगरगट्ट कसे होतात? औषध काही त्यांना शिकवत नाही. लाखभर जंतांत दोन-चार मुळातच वेगळे असतात. अल्बेंडाझोल हे गोठ्यातलं पांढरं औषध ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, त्या ट्युब्युलिनच्या साखळीतला दोनशेव्या जागचा एकच दुवा बदललेला असतो, आणि औषधाची पकड सुटते. औषधानं बाकीचे मरतात, हे उरतात आणि मोकळ्या मैदानात प्रजा वाढवतात. प्रश्न इतकाच, की त्यांना मैदान मोकळं कोण करून देतं?

मात्रा कमी पडली की मैदान मोकळं होतं. शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर निचरून टाकतं. मेंढीच्या हिशेबानं शेळीला पाजलेली मात्रा अपुरी पडते, हे पशुवैद्यकीय पुस्तकांत कधीचं लिहिलेलं आहे. पण बाटलीवर दोघींना एकच माप असलं, तर चूक पाजणाऱ्याची की छापणाऱ्याची? वजनकाटा नाही, नजरेनं अंदाज, आणि बाटली सगळ्या गावात पुरवायची. असं औषध पाजणारा माणूस अडाणी नसतो, तो काटकसरी असतो.

दुसरी गोष्ट हंगामाची, आणि इथं अडाणी कोण हा प्रश्न भलताच उलटतो. वैशाखात वऱ्हाडचं कुरण होरपळलेलं असतं. त्या तापल्या जमिनीवर अळ्या जवळजवळ नसतात. जंतांची सगळी वस्ती शेळ्यांच्या पोटात. नेमक्या अशा वेळी कळपातल्या एकूणएक शेळीला औषध पाजलं, तर मागे उरतात फक्त औषधातून वाचलेले. पाऊस पडतो, आणि नव्या वर्षाच्या कुरणावर पेरणी होते ती त्यांच्याच बियाण्याची. पश्चिम ऑस्ट्रेलियात हेच घडलं. तिथला उन्हाळा कोरडा, आणि उन्हाळ्यात सरसकट मेंढ्यांना औषध पाजायची शिफारस तज्ज्ञांचीच होती. जंत आटोक्यात आले, आणि प्रतिकार वणव्यासारखा पसरला. मग त्याच तज्ज्ञांनी सांगितलं, काही मेंढ्या बिनऔषधाच्या सोडा, म्हणजे साधे जंतही कुरणावर उरतील आणि बंडखोरांची सत्ता येणार नाही. पावसाळ्याआधी शंभर टक्के जंतनिर्मूलन, हे उद्दिष्ट कागदावर फार देखणं दिसतं. चिखलदऱ्याच्या धुक्यात आणि अकोल्याच्या उन्हात ते एकाच तारखेला राबवावं का, याचं उत्तर लेंड्या मोजल्याशिवाय मिळणार नाही.

दक्षिण आफ्रिकेनं तर उपाय काढला तो आमच्या म्हाताऱ्यांच्या सवयीचा. शेळी-मेंढीची खालची पापणी उलटायची, रंग पाहायचा. लाल असेल तर औषध नाही, पांढरी असेल तरच पाजायचं. रंगांचा एक तक्ता केला आणि त्याला नाव दिलं फामाचा, ज्याची ही मूळ कल्पना त्या फाफा मालान यांच्या नावावरून. पापणी उलटून पाहणारी बाई मेळघाटात दर पाड्यावर सापडेल. तिच्या हाती तक्ता नाही, म्हणून ती अडाणी.

आता ‘जनावराचा किडा जनावराला’ हे तिसरं मत. इथं मी आधी गृहस्थांना त्यांचं देणं देऊन टाकतो. हिमोंकस माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण ज्या औषधाला तो पुरून उरतो, ते औषध माणसाचंच आहे. 2015 च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला आपल्या शाळा-अंगणवाड्यांत पोरांच्या हातावर ठेवली जाते ती गोळी अल्बेंडाझोलची. गोठ्यातली पांढरी बाटली आणि शाळेतली गोळी एकाच घरातल्या. नागपूर जिल्ह्यात 2019 मध्ये हत्तीरोगासाठी तीन औषधांची मोहीम सुरू झाली. त्यातलं तिसरं, आयव्हरमेक्टिन, आधी गुरा-घोड्यांचं. त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना 2015 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. आफ्रिकेतल्या नदीकाठच्या आंधळेपणावर ते चालेल ही आशा कशावरून वाटली? घोड्याच्या कातडीतल्या तशाच एका कृमीवर ते चाललं होतं म्हणून. घोड्यावरून माणसाकडे आलेलं औषध आपल्याला चालतं, घोड्यावरून आलेला इशारा चालत नाही.

कुत्र्यांचं उदाहरण तर घराच्या उंबऱ्यातलं. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना वर्षानुवर्षं महिन्याकाठी औषधं पाजली गेली. जॉर्जिया विद्यापीठातल्या रे कॅप्लन या पशुवैद्यक शास्त्रज्ञांच्या गटानं त्यांचे अंकुशकृमी तपासले, तेव्हा औषधांच्या तिन्ही प्रमुख गटांना न जुमानणारे कृमी सापडले. बहुतेक शर्यती बंद झाल्या, कुत्री घराघरांत दत्तक गेली, कृमी सोबत गेले. या कृमीच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरून वेड्यावाकड्या खाजऱ्या रेघा काढतात. कुत्र्या-मांजरांचा दुसरा एक अंकुशकृमी आशियात बऱ्याच ठिकाणी आहे, तो माणसाच्या आतड्यात पूर्ण वाढतो आणि रक्त पितो. सेमाडोहच्या शाळेच्या पडवीत दुपारी कुत्रं झोपतं आणि अंगणात पोरं अनवाणी खेळतात. अमेरिकेतला कृमी इथं आला, असं मी म्हणत नाही. कुत्र्याच्या पोटातला हिशेब कोणीतरी ठेवावा, एवढंच म्हणतो.

आणि माणसाचा संबंध काय, हे विचारायला परदेशात जायची गरजच नाही. 2004 च्या पावसाळ्यानंतर आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनी गावचा एक शेतकरी तापानं फणफणत नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आला. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, म्हणजे गुरं, घोडे, उंट यांच्यात सर्रा हा रोग करणारा परजीवी. गोमाशी चावते, एका ढोराचं रक्त दुसऱ्याला लागतं, रोग पसरतो. माणसाला तो होत नाही असं तोवर सगळी पुस्तकं सांगत होती. डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हा रुग्ण जगापुढे ठेवला. माणसाच्या रक्तात या जंतूला फोडणारं एक प्रथिन असतं. त्या शेतकऱ्याच्या रक्तात ते जन्मतःच नव्हतं, हे पुढच्या वर्षी कळलं. गावातल्या 1,806 लोकांची तपासणी झाली. बऱ्याच जणांच्या रक्तात जंतूशी गाठ पडल्याच्या खुणा होत्या, जंतू मात्र कोणात सापडला नाही.

चला, म्हणजे लाखांत एखाद्याचा दोष, असं म्हणून सगळे घरी गेले. 2015 मध्ये व्हिएतनाममधल्या एका स्त्रीला हाच रोग झाला. तिच्या रक्तात ते प्रथिन शाबूत होतं.

सिवनीचा शेतकरी वाचला तो सुरामिन या शंभर वर्षं जुन्या औषधानं. आता औषध-प्रतिकाराचा धागा इथं जोडून पाहा. सुदानात उंटांच्या सर्रावर हेच सुरामिन दशकानुदशकं टोचलं गेलं आणि तिथले जंतू त्याला दाद देईनासे झाले. चीनमध्येही तसे जंतू सापडले. सिवनीच्या गोमाशीनं असाच जंतू आणला असता तर? उंटाला दिलेली अर्धवट सुई आणि वॉर्डातल्या माणसाचा जीव यांच्यामधलं अंतर तेवढंच आहे. ते मोजणारा माणूस पशुवैद्यक असतो, कारण रोग त्याच्या दारात आधी येतो.

या जंतूच्या नावातले इव्हान्स कोण, तेही सांगून टाकतो. ग्रिफिथ इव्हान्स, घोड्यांचे डॉक्टर आणि माणसांचेही. 1880 मध्ये डेरा इस्माईल खानच्या छावणीत घोडे-उंट मरत होते. इव्हान्स यांनी रक्तात हा जीव पाहिला, निरोगी जनावरांत तो घालून रोग उभा करून दाखवला. वरिष्ठांनी काय केलं? उंदरांच्या रक्तात असले जीव असतात, ते निरुपद्रवी आहेत, असं सांगून त्यांची बोळवण केली. रोगकारक ट्रिपॅनोसोमचा तो जगातला पहिला शोध होता. इव्हान्स शंभर वर्षं जगले, म्हणून त्यांना आपलं म्हणणं खरं ठरलेलं पाहता आलं. माझ्या अकोल्याच्या मित्रांना तेवढं आयुष्य लाभो.

जंगलप्रेमींचा एक वेगळा सूर त्या टेबलावर होता, त्याचंही ऐकू. ‘रोग ढोरांमुळेच येतात, ढोरं जंगलाबाहेर काढा.’ 2000 च्या जुलैमध्ये ओडिशातल्या नंदनकाननमध्ये सर्रानं बारा वाघ गेले, हे खरं. औषध उशिरा दिलं की औषधानंच घात केला, यावर तेव्हा रण माजलं, हेही खरं. पण गोमाशी वन विभागाचा परवाना काढून उडत नाही. कोलकासचे हत्ती, सिपना नदीवर उतरणारे गवे, गवळ्याच्या म्हशी, सगळ्यांचं रक्त तिला सारखंच. ढोरं हाकलून तुम्ही फक्त आपले पहिले पहारेकरी हाकलता, कारण जंगलातल्या रोगाची चाहूल वाघाच्या रक्तात शोधणं अवघड आणि म्हशीच्या रक्तात सहज शक्य.

भांडायला निघालोच आहे तर माझ्या बाजूच्यांनाही सोडत नाही. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, 11 डिसेंबर 2022 ला नागपुरातच राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि जंगल यांचं आरोग्य एकच, ही त्या नावामागची कल्पना. कल्पना सोन्यासारखी. पण प्रबंध इंग्रजीत, निष्कर्ष परिषदेत, आणि ज्याच्या बकरीची लेंडी त्याला कळतच नाही की पुढे काय झालं. लोक हसतात त्यात आपलाही वाटा आहे. मी हे मित्रांना परतीच्या वाटेवर, घटांगच्या वळणांवर, सुनावलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणून तर चौदा दिवसांनी परत यायचंय.’

चौदा दिवसांनी आम्ही परत गेलो. त्या गवळ्यानं औषध पाजलेल्या बकऱ्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढून ठेवला होता. सात-आठ बकऱ्या कोऱ्या होत्या. बाटली संपली होती का, असं विचारलं. ‘बाटली होती,’ तो म्हणाला, ‘पन त्याइच्या पापण्या लाल होत्या. कायले पाजू?’ मित्रांनी वहीत त्या बकऱ्यांचे नंबर वेगळ्या रकान्यात उतरवले, आणि डबा उघडला.